शंभर मीटरची रेषा आणि पेठांतील वाडे : स्मारक-परिसर संरक्षणाच्या कायद्याची एक समीक्षा

प्रस्तावना

ऐतिहासिक वास्तूचे जतन करावे, याविषयी आपल्याकडे सहसा दुमत नसते. मतभेद सुरू होतात ते वास्तूच्या शेजारी. शेजारच्या जागेवर काय बांधावे, किती उंच बांधावे, मुळात बांधू द्यावे की नाही, हे प्रश्न आले की जतनाची भाषा एकाएकी कायद्याची, हद्दींची आणि ना-हरकत प्रमाणपत्रांची होते. प्रस्तुत लेखात स्मारकाच्या परिसराविषयी भारतीय कायदा कोणती कल्पना बाळगतो, ती कल्पना कशी घडली आणि पुण्यातील शनिवारवाड्यासारख्या भरवस्तीतल्या स्मारकाला लावली असता तिचे काय होते, याचा विचार करावयाचा आहे. कायद्याची संहिता हीसुद्धा एक संहिताच असते. तिच्यातील शब्दांची निवड, व्याख्यांची रचना आणि तिने न बोललेल्या गोष्टी यांचे वाचन साहित्यकृतीइतक्याच काळजीने करावे लागते. कायद्याच्या वाचकांना हे ठाऊक असते. स्मारकांविषयी आस्था असणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकवर्गात मात्र ही संहिता फारशी वाचली जात नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

संहितेची घडण

स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला व्यापक कायदा लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १९०४ साली झाला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा ‘प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८’ या कायद्याने घेतली. या दोन्ही कायद्यांचा भर स्मारकावर होता. सभोवतालच्या जमिनीचा विचार त्यांत होता, परंतु तो निश्चित अंतराच्या रूपात नव्हता. ते अंतर आले १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र ‘प्रतिबंधित’ आणि त्यापुढचे २०० मीटरचे क्षेत्र ‘विनियमित’ असे तिने ठरवून दिले. तेव्हापासून ‘शंभर मीटर’ हा शब्दप्रयोग स्मारकांच्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी बसला.

अधिसूचना निघाली तरी बांधकामे थांबली नाहीत. २००६ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने एक तज्ज्ञ सल्लागार समिती नेमली आणि तिच्या शिफारशीवरून प्रतिबंधित क्षेत्रातही परवानग्या दिल्या जाऊ लागल्या. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या व्यवस्थेला कायद्याचा आधार नाही असे ठरवले. संसदेने त्यावर २०१० साली जी दुरुस्ती केली, तिच्या शीर्षकातच ‘सुधारणा’ या शब्दाला ‘विधिग्राह्यीकरण’ हा शब्द जोडलेला आहे. समितीच्या शिफारशीवरून पूर्वी दिलेल्या परवानग्या वैध ठरवायच्या आणि यापुढे प्रतिबंधित क्षेत्रात नव्या बांधकामाला, अगदी सार्वजनिक हिताच्या कामालासुद्धा, परवानगी द्यायची नाही, अशी ही दुहेरी तरतूद होती. मागच्यांना अभय आणि पुढच्यांना पूर्ण बंदी, असे तिचे स्वरूप एका वाक्यात सांगता येईल. याच दुरुस्तीने राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. प्रतिबंधित क्षेत्रात बेकायदा बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही ठेवण्यात आली.

या कठोरपणामागची भूमिका समजून घेतली पाहिजे. ती न घेता कायद्याला केवळ आंधळे म्हणणे सोपे आहे आणि ते अनेकदा म्हटलेही जाते. विवेकाधिकार ज्याच्या हाती असतो त्याच्यावर दडपण येते. ज्याची पोहोच मोठी त्याला अपवाद मिळतो आणि ज्याला पोहोच नाही त्याला नियम दाखवला जातो, हा आपल्या नगरपालिकांचा आणि सरकारी कार्यालयांचा सर्वसाधारण अनुभव आहे. २००६ ते २००९ या तीन वर्षांत तो अनुभव न्यायालयापर्यंत गेला. अशा वेळी टेपने मोजता येणारी, कोणाच्याही मर्जीवर न अवलंबणारी रेषा हेच संरक्षण वाटणे स्वाभाविक होते. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने ही भीती निराधार नसल्याचे दाखवून दिले. त्यांच्या पथकांनी प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. जिथे स्मारकच नाहीसे होते तिथे परिसराच्या सूक्ष्म विचाराला कोण विचारतो, असा प्रश्न एखाद्या अधिकाऱ्याने केला तर त्याला निरुत्तर करणे अवघड आहे.

तथापि रेषेचे समर्थन करणे वेगळे आणि रेषेच्या आत काय आहे याकडे पाहण्याचेच नाकारणे वेगळे. २०१० च्या संहितेत हे नाकारणे शब्दाशब्दांत आढळते.

मोजमापाची कल्पना

पहिली गोष्ट अंतराची. सामान्यतः आपण या क्षेत्राला ‘वर्तुळ’ म्हणतो. परंतु कायद्याप्रमाणे अंतर मोजायचे ते संरक्षित क्षेत्राच्या किंवा स्मारकाच्या हद्दीपासून, चारही दिशांना. म्हणजे स्मारक जेवढे मोठे तेवढा पट्टा मोठा. स्मारक अगदी बिंदूएवढे मानले तरी शंभर मीटर त्रिज्येत सव्वातीन हेक्टरांच्या जवळपास जमीन येते आणि तीनशे मीटरांत अठ्ठावीस हेक्टरांहून अधिक. शनिवारवाड्यासारख्या तटबंदीयुक्त स्मारकाभोवती हा आकडा कितीतरी वाढतो. माळरानावरच्या एकाकी मंदिराभोवती एवढी जमीन मोकळी ठेवली तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पेठेत तेवढ्या जमिनीत शेकडो कुटुंबांचा संसार असतो.

दुसरी गोष्ट समानतेची. देशात केंद्र-संरक्षित स्मारकांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक आहे. ताजमहाल आणि हमरस्त्याच्या कडेचा एखादा कोसमिनार यांना किमान अंतर सारखेच. स्मारकांचे वर्गीकरण करावे अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीत आहे आणि तिचा उपयोग करून केंद्र सरकार प्रतिबंधित क्षेत्र शंभर मीटरांहून अधिक ठरवू शकते. ‘अधिक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कमी करण्याचा मार्ग संहितेत ठेवलेलाच नाही. वर्गीकरण हे विवेकाचे साधन. पण त्या साधनाला एकाच दिशेने चालण्याची मुभा आहे. परिणाम असा झाला की अंतर कमी करता येत नसेल तर स्मारकच यादीतून काढावे, हा एकच रस्ता उरला. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय महत्त्व उरले नाही म्हणून अठरा स्मारके वगळण्याची प्रक्रिया सुरू झाली. हरियाणातील मुजेस्सरचा कोसमिनार त्यांत होता. त्या अठरांपैकी कित्येक आधीच जागेवरून नाहीशी झालेली होती, हे खरे. तरीही सर्व किंवा काहीच नाही, अशी निवड करायला लावणारी ही रचना विचारपूर्वक केलेली वाटत नाही.

तिसरी गोष्ट दृष्टीची, म्हणजे शब्दशः दृष्टीची. तीनशे मीटरांपलीकडे हा कायदा थांबतो. तीनशे एकाव्या मीटरवर वीस मजल्यांचा मनोरा उभा राहिला आणि स्मारकाच्या घुमटामागे तो कायमचा दिसू लागला, तरी या संहितेला त्याचे काही म्हणणे नाही. उलट पन्नास मीटरांवर, दोन गल्ल्यांच्या वळणाआड, स्मारकावरून मुळीच न दिसणाऱ्या घराचा कोसळलेला मजला पुन्हा उभारता येत नाही. फ्रान्समध्ये १९४३ च्या कायद्याने स्मारकाभोवती पाचशे मीटरचे क्षेत्र ठरवले होते. आपल्यापेक्षा त्रिज्या मोठी. मात्र तिथे अंतराबरोबर दृश्यतेची कसोटी होती. इमारत स्मारकावरून दिसते का, किंवा स्मारकाबरोबर एकाच दृष्टिक्षेपात येते का, हे पाहिले जाई. २०१६ च्या कायद्याने त्या देशाने आणखी पुढे जाऊन प्रत्येक स्मारकापुरती स्वतंत्र हद्द आखण्यास प्राधान्य दिले. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाकडे जाणाऱ्या दृश्यरेषा १९३० च्या दशकापासून जपल्या जातात. परदेशाची उदाहरणे देऊन आपल्याला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. ड्रेस्डेनने एल्ब नदीवर पूल बांधला म्हणून त्या खोऱ्याचा जागतिक वारसा दर्जा २००९ मध्ये गेला आणि २०२१ मध्ये लिव्हरपूलचाही गेला. त्यांच्याकडेही सारे आलबेल नाही. मुद्दा एवढाच की वर्तुळापासून सुरुवात करूनही वर्तुळापलीकडे जाता येते.

शनिवारवाडा : स्मारक आणि त्याची वस्ती

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी आणि वास्तुशांती २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या. आज आपण पाहतो ते तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना, जोती आणि कारंज्यांचे अवशेष. विद्यार्थ्यांना घेऊन दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहिले की एक प्रश्न हमखास येतो : “सर, वाडा कुठे आहे?” तटाच्या आत हिरवळ आणि जोती पाहून त्यांचा विरस होतो. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की लाकडी खांब, तुळया, चौक आणि दिवाणखाने असलेला वाडा आता तटाच्या आत नाही. पण तो कसा असेल याची कल्पना देणाऱ्या, त्याच बांधकाम-परंपरेतल्या लहानमोठ्या इमारती तटाच्या बाहेर, शनिवार, कसबा, बुधवार या पेठांत, काही अंशी अजून आहेत. जवळच नाना फडणवीसांचा नानावाडा आहे. बाकीचे वाडे सामान्य गृहस्थांचे, वैद्यांचे, सावकारांचे, भिक्षुकांचे. त्यांना इतिहासाच्या पुस्तकांत नाव नाही.

म्हणजे येथे स्मारक आणि परिसर यांचे नाते नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. नेहमीची समजूत अशी की स्मारक मौल्यवान आणि परिसर धोकादायक. म्हणून परिसरापासून स्मारकाला वाचवायचे. शनिवारवाड्याच्या बाबतीत स्मारकाचा जो भाग जळून गेला त्याचे स्पष्टीकरण परिसरात शिल्लक आहे. पेशव्यांच्या निवासस्थानाभोवती पेठा वसल्या, पेठांमुळे तो राजवाडा शहराचे केंद्र झाला. त्याच्याभोवती मोकळी हिरवळ नव्हती. स्मारक एकटे, स्वच्छ, गवताच्या गालिच्यावर उभे असावे ही दृष्टी कर्झनच्या काळातल्या पुरातत्त्वखात्याची. तिने अनेक वास्तू वाचवल्या, हे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागेल की शंभर मीटरांच्या रेषेत त्याच उद्यानाची कल्पना लपलेली आहे. प्रतिबंधित क्षेत्र म्हणजे जणू अद्याप मोकळे न झालेले उद्यान.

व्याख्यांच्या कचाट्यातला वाडा

आता त्या रेषेच्या आतल्या वाड्याचे काय होते ते पाहू. संहितेत तीन क्रिया वेगळ्या केल्या आहेत : बांधकाम, पुनर्बांधकाम आणि दुरुस्ती व नूतनीकरण. पुनर्बांधकाम म्हणजे पूर्वी असलेल्या इमारतीच्या जागी, तेवढ्याच आडव्या आणि उभ्या मर्यादेत पुन्हा उभारणी. दुरुस्ती म्हणजे अस्तित्वात असलेल्या इमारतीत फेरफार. त्यात बांधकाम येत नाही आणि पुनर्बांधकामही येत नाही. विनियमित क्षेत्रात या तिन्हींसाठी अर्ज करता येतो. प्रतिबंधित क्षेत्रात मात्र १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या, किंवा त्यानंतर महासंचालकांच्या मान्यतेने बांधलेल्या इमारतीच्या मालकाला केवळ दुरुस्ती व नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. घर उभे आहे तोवर ते डागडुजीने टिकवा. पडले तर तेवढेच, तसेच घरसुद्धा पुन्हा उभारता येणार नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

दगडी मंदिरासाठी किंवा विटांच्या मकबऱ्यासाठी हा भेद कळण्यासारखा आहे. दगडाची भिंत उभी असते किंवा पडलेली असते. पुण्याचा वाडा या भाषेत बसत नाही. जोते दगडी, त्यावर लाकडी खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा, सांगाड्याच्या मध्ये विटामातीच्या भिंती, वर कडीपाट आणि शेवटी कौले. वाड्याचे माप खणांत सांगितले जाई. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण; अमुक खणांचा वाडा, तमुक खणांची ओसरी. एक खांब वाळवीने किंवा ओलीने गेला की त्याला टेकू द्यायचा, नवा खांब बसवायचा. एक भिंत फुगली की ती उतरवून पुन्हा रचायची. पावसाळ्याआधी कौले चाळायची. अशा रीतीने काही पिढ्यांत वाड्याचा जवळजवळ प्रत्येक भाग बदलला जाई आणि वाडा तोच राही. मूळ वस्तू टिकवणे ही त्याच्या जतनाची रीत नव्हे. रचना टिकवून द्रव्य बदलत राहणे ही त्याची रीत. तेव्हा चार खण उतरवून पुन्हा बांधले, तर ती दुरुस्ती की पुनर्बांधकाम? वाड्याच्या परंपरेत हा प्रश्नच उद्भवत नाही. कायद्याच्या परंपरेत या प्रश्नाच्या उत्तरावर कारावास अवलंबून आहे.

परिणाम कोणते होतात? ज्याला खांब बदलायचा आहे तो अर्जाच्या भीतीने बदलत नाही, किंवा रात्रीतून लोखंडी गर्डर घालून मोकळा होतो. दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा होतो, कौलांच्या जागी पत्रा येतो. स्मारकाच्या दृष्टीने, सौंदर्याच्या दृष्टीने आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हे सर्वांत वाईट फलित. एखाद्या पावसाळ्यात भिंत बसते आणि मग त्या जागेवर कायद्याला अभिप्रेत असलेली मोकळी जमीन तयार होते. तिच्यावर गवत उगवते, वाहने उभी राहतात. शनिवारवाड्याला त्यामुळे काय मिळाले, असे विचारले तर सांगण्यासारखे काही सुचत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पेठांतील वाड्यांच्या दुर्दशेचे सारे खापर शंभर मीटरांवर फोडणे हे अर्धसत्य होईल. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील वाड्यांची मोठी हानी केली. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. भाडेकरूला घर सोडवत नव्हते आणि मालकाला सांभाळवत नव्हते. १९९९ च्या नव्या कायद्याने या कोंडीत फारसा फरक पडला नाही. भाऊबंदकीचे दावे हे आणखी एक कारण. शिवाय वाडा पाडून तिथे बहुमजली इमारत उभी करण्याची ओढ मालक, भाडेकरू आणि विकसक या तिघांनाही होती. तीनशे मीटरांपलीकडच्या पेठांत हेच झाले आणि तिथले बहुतेक वाडे त्यामुळेच गेले. ‘कायदा उठवा म्हणजे वाडे वाचतील’ असे जे म्हटले जाते ते म्हणूनच खरे नाही. कायदा उठला तर उरलेले वाडे चार-दोन वर्षांत मोडीत निघतील, अशी शक्यता अधिक. प्रतिबंधित क्षेत्रात वाडा कुजून पडतो आणि बाहेर तो पाडला जातो. जतन दोन्हीकडे होत नाही. रहिवाशांच्या मागण्यांत आणि जतनवाद्यांच्या निवेदनांत ही दुसरी बाजू क्वचितच सापडते.

मार्ग बदलणारी मेट्रो आणि न हलणारे घर

पुण्यातच नगर रस्त्यावर आगाखान पॅलेस आहे. १८९२ साली बांधलेली ही वास्तू महात्मा गांधींच्या १९४२ ते १९४४ या कारावासामुळे आणि कस्तुरबा व महादेवभाई देसाई यांच्या समाधींमुळे राष्ट्रीय स्मारक ठरली. वनाझ ते रामवाडी हा मेट्रोमार्ग मूळ आराखड्याप्रमाणे या वास्तूसमोरून जाणार होता. प्रतिबंधित क्षेत्राची अडचण आली आणि मार्ग कल्याणीनगरमधून वळवण्यात आला. मार्च २०२४ मध्ये त्या वळवलेल्या मार्गावरून गाडी धावू लागली. प्रस्तुत लेखकाच्या मते हा कायद्याचा निर्विवाद विजय आहे. उन्नत मार्गाचे खांब पॅलेसच्या दारासमोर उभे राहिले असते तर त्या जागेची शांतता उरली नसती. सार्वजनिक कामाला सुद्धा ‘नाही’ म्हणता येणे हे २०१० च्या संहितेचे खरे सामर्थ्य.

हेच सामर्थ्य कमी करण्याचा प्रयत्न २०१८ मध्ये झाला. केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना प्रतिबंधित क्षेत्रात मुभा देणारे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि त्याचा कायदा झाला नाही. या विधेयकात सवलत कोणाला द्यायची ठरली होती हे लक्षात घेण्यासारखे आहे. रस्ते, पूल, लोहमार्ग बांधणाऱ्या शासनाला ती हवी होती. प्रतिबंधित क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आणि छप्पर गळणाऱ्या कुटुंबाचा विचार त्यात नव्हता. मेट्रोला दुसरा मार्ग असतो. खर्च वाढतो, वेळ जातो, पण मार्ग निघतो. घराला कल्याणीनगरमधून वळवता येत नाही. ज्याला पर्याय आहे त्याच्यासाठी कायदा सैल करायचा आणि ज्याला पर्याय नाही त्याच्यासाठी तो तसाच ठेवायचा, हा क्रम उलटा आहे.

मुंबईची दुसरी वाट

अंतराऐवजी श्रेणी हा मार्ग मुंबईने १९९५ मध्ये स्वीकारला. विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ व्या नियमाने इमारतींच्या श्रेणी ठरवल्या, काही परिसरांना समूह म्हणून वारसा-दर्जा दिला आणि प्रस्ताव तपासण्यासाठी वारसा संवर्धन समिती नेमली. काय जपायचे ते आधी सांगायचे आणि मग किती बदल चालेल ते ठरवायचे, असा या नियमाचा क्रम. बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोयही त्यात होती. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या आर्ट डेको इमारतींत आजही लोक राहतात, आणि समोरासमोरच्या दोन शैली हाच तिथला वारसा आहे. एका इमारतीभोवती वर्तुळ काढून तो पकडता आला नसता.

मुंबईचे गुणगान मात्र हात राखूनच करावे. १९९९ च्या बदलानंतर तिसऱ्या श्रेणीतल्या आणि वारसा-परिसरांतल्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास बऱ्याच अंशी समितीच्या कक्षेबाहेर गेला, आणि गिरगाव-दादरकडच्या जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. विवेकाधिकाराची व्यवस्था कुठे फुटते, हे येथे दिसले. पुण्याची रेषा वाकत नाही म्हणून घर मोडते. मुंबईची श्रेणी वाकते म्हणून परिसर मोडतो.

पन्हाळ्याच्या निमित्ताने

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. आनंदाच्या या बातमीबरोबर पन्हाळ्याहून मात्र विरोधाचे सूरही ऐकू आले. पन्हाळा हा नुसता किल्ला नाही. तटाच्या आत नगरपरिषद असलेले, शाळा, बाजार, घरे असलेले गाव आहे. नवे निर्बंध येतील, घरे दुरुस्त करता येणार नाहीत, कदाचित उठावे लागेल, ही रहिवाशांची भीती. त्यांना गैरसमज झाला आहे, असे सांगून हा प्रश्न मिटणार नाही. शंभर मीटरांचा अनुभव त्यांनी आधीच घेतलेला आहे. सलग किल्ल्यात एक स्मारक कुठे संपते आणि दुसऱ्याची हद्द कुठे सुरू होते हे नकाशावर पाहिले, तर गावातली किती जागा कोणत्याच रेषेत येत नाही, याचा शोध घ्यावा लागेल. जागतिक वारशाच्या भाषेत ज्याला संरक्षक पट्टा म्हणतात, तो किमान त्या जागेचा अभ्यास करून आखलेला असतो. १९९२ चा पट्टा जागा न पाहता आखलेला आहे, आणि आता हे दोन्ही पट्टे एकाच गावावर एकमेकांवर पडणार आहेत.

उपाय संहितेत आहेत का?

काही प्रमाणात आहेत. २०१० च्या दुरुस्तीनेच प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करण्याचे बंधन घातले आहे. दर्शनी भाग, उंची, सांडपाणी, रस्ते, विजेचे खांब यांविषयीचे नियम त्या-त्या जागेपुरते ठरवायचे, आणि हे काम तज्ज्ञ संस्थांशी विचारविनिमय करून करायचे, अशी ही तरतूद. कागदावर ती फ्रान्सच्या नव्या कायद्याइतकीच शहाणी आहे. अंमलबजावणी इतकी संथ झाली की बहुसंख्य शेजाऱ्यांना उपविधी हा शब्दही ठाऊक नाही. ते करण्यासाठी मोजणी, छायाचित्रण, घराघराची नोंद लागते. या कामात स्थापत्य, इतिहास, भूगोल आणि समाजशास्त्र या विभागांचे विद्यार्थी उपयोगी पडू शकले असते. पुणे विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांना शनिवारवाड्याभोवतीच्या वाड्यांची खणनिहाय नोंद करणे एका शैक्षणिक वर्षात अशक्य नव्हते. आपण ते केले नाही, हेही या समीक्षेत नोंदवले पाहिजे.

परंतु उपविधी कितीही चांगले झाले तरी प्रतिबंधित क्षेत्रातील पुनर्बांधकामाची बंदी ते उठवू शकत नाहीत, कारण ती मूळ अधिनियमात आहे. तिथे संसदेलाच हात घालावा लागेल, आणि त्यासाठी फार मोठ्या बदलाची गरज नाही. पुनर्बांधकाम म्हणजे पूर्वीच्याच आडव्या आणि उभ्या मर्यादेत केलेली उभारणी, ही व्याख्या संहितेत तयार आहे. १६ जून १९९२ ही तारीखही तयार आहे. विनियमित क्षेत्रासाठी जे पुनर्बांधकाम अर्ज करण्याजोगे मानले आहे, तेच त्या तारखेपूर्वीच्या निवासी घरांपुरते, मूळ उंचीच्या आणि मूळ बांधकाम-पद्धतीच्या अटीवर, प्रतिबंधित क्षेत्रातही अर्ज करण्याजोगे मानायचे. पद्धतीची अट घातली की खर्च वाढणार. सागवान आणि लाकूडकाम जाणणारा सुतार दोन्ही आता दुर्मिळ आहेत. तो वाढीव खर्च भरून देण्यासाठी मुंबईतल्यासारखे हस्तांतरणीय विकास हक्क पुणे महानगरपालिकेला शहराच्या अन्य भागांत देता येतील. तेवढ्यापुरता एक मजला तिथे उंच होईल. शनिवार पेठेतला वाडा मात्र दोन मजल्यांचाच, आणि उभा राहील.